दख्खनी लोकरीची बंडी : पाठ अखेर सरळ आली

बंडीची पाठ सरळ आली. धुऊन, सावलीत सुकवून आणि पाटावर पसरून मोजली, तेव्हा दोन्ही कडा तळच्या रिबेशी काटकोनात उभ्या राहिल्या आणि काखेपर्यंतची उंची डावीकडे आणि उजवीकडे सारखीच भरली. मागच्या नोंदीत हीच पाठ धुतल्यावर उजवीकडे कलून समांतरभुज चौकोन झाली होती. तो ज्यांना आठवत असेल, त्यांना यामागचा आनंद वेगळा सांगायला नको.

लोकर तीच आहे, चिंचलीच्या मायाक्का देवीच्या माघी यात्रेच्या सुमारास रायबाग भागातल्या एका मेंढपाळ कुटुंबाकडून घेतलेली. मोठ्या मेंढ्यांची काळी लोकर, तिच्यात मधूनच तपकिरी झाक, आणि सोबत थोडेसे जावळ, म्हणजे कोकराची पहिली कातरण. रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता भिजवून, सुकवून, कार्डब्रशने विंचरून तिचे पेळू, म्हणजे कातायच्या सैल गुंडाळ्या, केले आणि टकळीवर एकपदरी सूत काढले, इथपर्यंत सगळे आधी लिहून झाले आहे. घोडे अडले होते ते त्यापुढे.

एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशा साध्या विणीत नमुन्याचा चौकोन हातात असेपर्यंत चांगला दिसत असे. सुईवरून उतरवल्यावरही तो जवळजवळ सरळ असे. पाण्यातून काढून सुकवला की मात्र टाक्यांच्या उभ्या रांगा उजवीकडे झुकत, आणि टाचण्या लावून कितीही ओढून बसवला तरी टाचण्या काढल्यावर तासाभरात पुन्हा तसाच होत असे. सूत उजव्या हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कातलेले असले की वीण उजवीकडे कलते आणि उलट दिशेने कातलेले असले की डावीकडे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. न उलगडणारे कोडे वेगळेच होते. कातून ठेवलेल्या सुताचा हातभर तुकडा दुमडून सोडला, तर तो स्वतःभोवती फारसा गुंडाळला जात नव्हता. म्हणजे परीक्षा सांगत होती की पिळात जोर उरलेला नाही, आणि धुतलेला नमुना नेमके त्याच्या उलट सांगत होता.

हे कोडे बेळगावच्या वडगावातल्या एका विणकर अण्णांनी सोडवले. त्यांच्याकडे मी साडीच्या मागावर उरलेल्या सुताच्या कोनांची चौकशी करायला गेले होते आणि पिशवीत लोकरीची लडी होती. त्यांनी सुताचे एक टोक चिमटीत धरले, दुसरे टोक ओठांनी ओले केले आणि सोडले. ओला भाग लगेच आक्रसून स्वतःभोवती फिरला, कोरडा भाग तसाच लोंबत राहिला. "ताई, ह्यो पीळ गेला न्हाई, झोपलाय. पाण्यात घालून बघा की," एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा मागाकडे वळले.

टकळीवर किंवा गुंडीत ताणून गुंडाळलेली लोकर काही दिवस तशीच राहिली, की तंतू त्या वळणात स्थिरावतात आणि पीळ नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पाणी लागताच तंतू फुगतात, सैल होतात आणि तोच पीळ पूर्ण जोराने परत येतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही, हे लक्षात घेतले तर बेळगावच्या पावसाळ्यात कातलेल्या आणि उन्हाळ्यात कातलेल्या सुताची वागणूक वेगळी का, याचाही उलगडा होतो. (याच कारणाने जून ते सप्टेंबर या काळात मी वजनावर कच्ची लोकर घेत नाही. तराजूत पाणीही मोजले जाते.)

घोंगडी विणणाऱ्यांना हा त्रास का होत नाही, असा प्रश्न मागच्या वेळी विचारला गेला होता. घोंगडीचे सूतही एकपदरी आणि चांगले कडक पिळाचे असते, त्यातून ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. परंतु खड्ड्याच्या मागावर ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात दाबून धरतात, त्यामुळे धाग्याला फिरायला जागाच राहत नाही. आपल्या विणीत प्रत्येक टाका हा मोकळा फास असतो. धाग्याला उलगडायचे असेल तर फास एका बाजूला वळतो, त्याच्या शेजारचा वळतो आणि पाहता पाहता संपूर्ण पाठ कलते.

मग उपाय तपासायला घेतले. चिंचोक्याची पातळ खळ लावून सूत वाळवले, तर विणताना ते अत्यंत आज्ञाधारक झाले, पण पहिल्या धुण्यात खळ निघाली आणि वीण पूर्वपदावर आली. न धुण्याच्या वस्तूसाठी, म्हणजे भिंतीवरच्या पिशवीसाठी किंवा आसनासाठी, ही युक्ती उत्तम आहे आणि मी ती सोडलेली नाही. वाफ देऊन आणि लडीला वजन टांगून वाळवल्यावर कल थोडा कमी झाला, गेला नाही. अॅक्रिलिक लोकरीवर मात्र वाफेचा प्रयोग कोणी करू नये, कारण तिचा फुगीरपणा त्यात कायमचा जातो. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर तुकडा सरळ राहतो, कारण एका ओळीचा कल पुढची ओळ फेडते. पण त्या विणीची बंडी जाड आणि रुंदीला पसरणारी होते, आणि दख्खनी लोकर मुळातच जाडीभरडी असल्याने ती अंगावर बोजड वाटते.

राहिला दुपदरी करण्याचा मार्ग. दोन एकपदरी धागे एकत्र घेऊन उलट दिशेने पीळ दिला की दोन्ही पीळ एकमेकांना तोलून धरतात, हे तत्त्व जुनेच आहे. प्रश्न होता उलटा पीळ किती द्यायचा याचा, कारण झोपलेल्या सुतावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. आता मी असे करते : टकळीवरून नुकताच उतरलेला, अजून गुंडाळलाही न गेलेला एकपदरी धागा वीतभर घ्यायचा, मधोमध दुमडायचा आणि त्याला स्वतःहून फिरू द्यायचे. तो जिथे थांबतो, तो त्या सुताला हवा असलेला उलटा पीळ. हा तुकडा पोस्टकार्डाला खाच पाडून तिच्यात अडकवायचा आणि दुपदरी करताना दर थोड्या वेळाने धागा त्याच्या शेजारी धरून पाहायचा. माझ्या कार्डावरच्या तुकड्यात बोटाच्या एका पेरात तिरप्या रेघा किती येतात, ते भिंगाखाली स्पष्ट दिसते, आणि हात सैल पडला की लगेच कळते. दुपदरी लडी आधी कोमट पाण्यात बुडवायची, टॉवेलात दाबायची, मग टांगायची. ओली लडी सरळ वाटोळी लोंबली तर पीळ तुल्यबळ आहे. ती आठच्या आकड्यात वळली तर सूत सुयांवर घ्यायचे नाही.

या सुतासाठी ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची सुई योग्य ठरली. त्याहून बारीक असलेल्या १० नंबरवर वीण घोंगडीसारखी ताठ होत होती. अॅल्युमिनियमच्या सुईवर ही लोकर किरकिरते आणि तिचे टोकदार केस टाक्यातून मागे ओढले जातात, तर बांबूच्या सुईला ती चिकटते. स्टीलची सर्क्युलर सुई महाग वाटली तरी दख्खनी लोकरीसाठी मला दुसरे काही सुचवावेसे वाटत नाही.

दुकानाकडे वळते. खडे बाजारातल्या आपल्या नेहमीच्या दुकानात गणपतींचे विसर्जन झाल्यापासून हिवाळी माल उतरू लागला आहे आणि नवरात्रापर्यंत मांडण्या भरतील, असे दुकानाच्या काकू सांगतात. लुधियानाची तीनपदरी आणि चारपदरी बाळलोकर आली आहे, त्यात यंदा हळदी आणि फिका मोरपंखी हे दोन रंग खरोखर सुंदर आहेत. मखमली जाड लोकरीचा ढीगही आला आहे आणि तो झपाट्याने संपतो आहे. ती स्पर्शाला मऊ आहे हे मान्य, पण तिच्यात टाका दिसत नाही, चुकलेली ओळ उसवता येत नाही, आणि नव्याने शिकणाऱ्याच्या हाती तर ती देऊच नये. काकूंना मी हे स्पष्ट सांगितले आणि त्यांचेही मत फार वेगळे नाही.

लहान कामांत या मोसमासाठी सर्वांत चांगली कल्पना कुंचीची वाटते. चारपदरी बाळलोकर, १० नंबरच्या सुया, डोक्याचा भाग सगळ्या ओळी सुलट, आणि मानेखालचा घेर सुरू होताना दर आठव्या टाक्याला एक टाका वाढवत गेले की पाठ झाकेल असा छान घेर सुटतो. थंडीआधी ती सहज पुरी होते. दिवाळीसाठी क्रोशाचे तोरण ज्यांना करायचे आहे, त्यांनी मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया केलेले चमकदार, सूत घ्यावे आणि लाल रंग वेगळा भिजवून, पांढऱ्या फडक्यावर दाबून, रंग सुटतो का ते आधी पाहावे. एका दुकानातून आणलेल्या लाल सुताने पांढऱ्या फुलांचे संपूर्ण तोरण गुलाबी केल्याचे ताजे उदाहरण आमच्या गल्लीत आहे.

काकूंच्या दुकानात उभी असतानाच दुसरी गोष्ट सुचली आणि तिने पुढचा बेत बदलला. जावळ दुपदरी करून बंडीच्या गळ्याला आणि काखांना लावायचे, असे ठरले होते. पण जावळ कमी आहे आणि दुपदरी केल्यावर लांबी निम्म्यावर येते. एका मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास लोकर मिळते, त्यात कोकराचे जावळ म्हणजे मूठभरच. ते एकपदरीच ठेवून, अर्धे घड्याळाच्या दिशेने आणि अर्धे उलट दिशेने कातले, आणि दोन ओळी या सुताच्या, दोन ओळी त्या सुताच्या अशा विणल्या, तर एका पट्ट्याचा कल दुसरा पट्टा फेडेल आणि तुकडा सरळ राहील. शिवाय दोन्ही सुतांवरून प्रकाश वेगळ्या दिशेने परतत असल्याने, एकाच रंगात बारीक पट्टे उमटतील. हे बंडीच्या गळ्यात वाया घालवण्यासारखे नाही. यातून मफलर करायचा. डाव्या पिळासाठी टकळी उलट फिरवायची सवय हाताला लागायला वेळ लागेल, आणि दोन गुंड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून एकीला लाल दोरा आणि दुसरीला पांढरा दोरा बांधून ठेवला आहे.

बंडीच्या गळ्याला आता काळीच दुपदरी लोकर येईल. ती मानेला टोचते, हे खरे. म्हणून गळ्याच्या आतल्या बाजूला शहापुरी साडीच्या उरलेल्या रेशमी सुताचा एक पदर लोकरीबरोबर धरून विणावा, असा विचार आहे. रेशीम आणि लोकर धुतल्यावर सारखे आटत नाहीत, तेव्हा आधी त्याचा चौकोन विणून धुवावा लागेल. समोरच्या दोन्ही भागांचे सूत दुपदरी होऊन टांगले आहे आणि लड्या सरळ लोंबत आहेत. रेशीम घालून विणलेल्या गळ्याचा कोणाला अनुभव असेल, तर सुईचा नंबर आणि धुतल्यानंतरचे माप दोन्ही कळवावे, कारण समोरचे भाग संपेपर्यंत ते ठरवावे लागेल.