डॉसच्या मशीनला पेनड्राइव्ह लागतो काय?

"ताई, आमच्या जुन्या डॉसच्या मशीनला पेनड्राइव्ह लागतो काय ओ?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. कधी मार्केट यार्डातल्या अडत दुकानातून, कधी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून. विचारणारा जरा संकोचतो, विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीवर चालणारं इतकं जुनं मशीन अजून ठेवलंय म्हणून. त्यात संकोचण्यासारखं काहीच नाही. जे सॉफ्टवेअर वीस-पंचवीस वर्षं न चुकता शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, काढतंय, ते टिकवणं शहाणपणाचंच आहे. पण त्यातला डाटा एकाच म्हाताऱ्या हार्डडिस्कवर पडून असतो आणि फ्लॉपी ड्राइव्ह कधीच बंद पडलेला असतो, याची मला खरी काळजी वाटते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लागतो, म्हणजे जोडता येतो, पण नुसता खोचून दिसत नाही.

एमएस-डॉस ६.२२ आलं १९९४ मध्ये. यूएसबीचं पहिलं मानक आलं जानेवारी १९९६ मध्ये. म्हणजे डॉस तयार झालं तेव्हा यूएसबी हा प्रकारच नव्हता. डॉसला ठाऊक फ्लॉपी आणि हार्डडिस्क, तीही बायोस, म्हणजे मशीन सुरू होताच मदरबोर्डवर चालणारा मूळ प्रोग्रॅम, दाखवेल तशी. मग पेनड्राइव्ह दाखवायला दोन वाटा उरतात. एक बायोसची, दुसरी ड्रायव्हरची, म्हणजे डॉसला नवं यंत्र ओळखवून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची. लोकांना पहिली सोपी वाटते. मी शक्यतो दुसरीच धरते. का, ते एका दुकानात शिकले.

गुळाची अडत. मशीन पेंटियम ४, सी आणि डी असे डिस्कचे दोन भाग, हिशेबाचं, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर डी वर. बायोसमध्ये यूएसबीचा जुना सपोर्ट चालू होता. मी २ जीबीचा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं. दिवाणजींनी नेहमीसारखं सॉफ्टवेअर उघडलं, तर सगळ्या खात्यांवर शिल्लक शून्य. दुकानाच्या मालक काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. "ताई, सगळं गेलं काय?" एवढंच म्हणाले.

काहीच गेलं नव्हतं. बायोसने पेनड्राइव्ह दुसरी हार्डडिस्क म्हणून दाखवला होता. अक्षरं वाटताना डॉस आधी प्रत्येक डिस्कच्या प्रायमरी, म्हणजे मुख्य भागाला अक्षर देतं, लॉजिकल, म्हणजे पुढच्या पोटभागांचा नंबर नंतर. दुकानातला डी असाच लॉजिकल भाग होता. त्यामुळे डी पेनड्राइव्हला गेलं आणि खरा डी सरकून ई झाला. सॉफ्टवेअरला डी वर जुन्या फायली सापडल्या नाहीत, म्हणून त्याने पेनड्राइव्हवर नव्या रिकाम्या फायली तयार केल्या. मशीन बंद केलं, पेनड्राइव्ह काढला, पुन्हा सुरू केलं, सगळी खाती जागेवर. पण ती पाच मिनिटं मी विसरलेले नाही. तेव्हापासून मशीनला हात लावण्याआधी कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या अक्षरावर आहे, हे कागदावर लिहून घेते.

आता ड्रायव्हरची वाट. पेनड्राइव्ह तारेवरून यूएसबी बोलत असला तरी आत हुकूम चालतात स्कझीचे, म्हणजे डिस्क जोडायच्या एका जुन्या पद्धतीचे, आणि स्कझीची यंत्रं वापरायला डॉसमध्ये एएसपीआय नावाची सोय आधीपासून आहे. त्याच धाग्यावर दोन ड्रायव्हर चालतात. पहिला पॅनासॉनिकचा यूएसबीएएसपीआय डॉट सिस. तो यूएसबी कंट्रोलर, म्हणजे मदरबोर्डवरची यूएसबी सांभाळणारी चिप, शोधतो आणि पेनड्राइव्ह एएसपीआयच्या रूपात पुढे करतो. दुसरा डीआय१०००डीडी डॉट सिस, तो त्याला अक्षर देतो. कॉन्फिग डॉट सिस या डॉस सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये याच क्रमाने दोन ओळी घालायच्या. पहिल्या ओळीपुढे स्लॅश व्ही लिहिलं की सुरू होताना काय सापडलं ते पडद्यावर येतं. पहिल्यांदा ते लिहाच, अंदाज करत बसावं लागत नाही. हार्डडिस्कची अक्षरं आधीच वाटून झालेली असतात, म्हणून पेनड्राइव्ह त्यांच्या मागे बसतो आणि डी चा डी राहतो.

यासाठी बायोसमधला यूएसबी सपोर्ट बंद करते, नाहीतर एकाच कंट्रोलरवर बायोस आणि ड्रायव्हर या दोघांची ओढाताण होते. तो बंद केल्यावर यूएसबी कीबोर्डही चालत नाही, म्हणून गोल पिनचा जुना कीबोर्ड जपून ठेवा. आणि पेनड्राइव्ह मशीन सुरू करण्याआधी लावायचा. मध्येच लावला तर दिसणार नाही.

पेनड्राइव्ह कसला आणायचा? दुकानातला नवा ६४ जीबीचा बहुधा एक्सफॅटवर असतो, म्हणजे त्यात फायली मांडायची पद्धत ती असते, डॉसला तो वाचता येत नाही. ६.२२ ला फॅट३२ ही दुसरी पद्धतसुद्धा कळत नाही. त्याच्यासाठी पेनड्राइव्हवर २ जीबीपर्यंतचा एकच फॅट१६ भाग करा, बाकीची जागा रिकामी राहू दे. पंचवीस वर्षांच्या पट्ट्यांना तेवढी पुष्कळ होते. फॅट३२ हवंच असेल तर एमएस-डॉससारखंच चालणारं फ्रीडॉस आहे. १९९४ मध्ये जिम हॉल यांनी ते काम सुरू केलं, पहिली पूर्ण आवृत्ती २००६ मध्ये आली, आणि ते मोफत आहे. फायलीचं नाव मात्र आठ अक्षरांत बसवा.

नवा मदरबोर्ड घालून डॉस चालवायचा विचार असेल तर आधी मला विचारा. हे ड्रायव्हर यूएसबी २ पर्यंतचे कंट्रोलर ओळखतात. ज्या बोर्डवर फक्त यूएसबी ३ चा कंट्रोलर आहे, तिथे त्यांना काहीच सापडत नाही. यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह मात्र जुन्या पोर्टात चालतो, तेवढ्यासाठी वेगळा शोधू नका.

उद्यमनगरातल्या ज्या मशीनला यूएसबी पोर्टच नाही, तिथे ड्रायव्हरचा उपयोग नाही. तिथे फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी फ्लॉपी एम्युलेटर, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणारी डबी, बसवते. त्याच चौतीस पिनांच्या पट्टीवर लागतो, पुढे पेनड्राइव्हची खाच, बटण आणि छोटे आकडे. बटण दाबून नंबर बदलला की मशीनला वाटतं फ्लॉपी बदलली. प्रत्येक नंबर म्हणजे १.४४ एमबीची एक फ्लॉपी. मशीन ७२० केबीची फ्लॉपी वाचणारं असेल तर एम्युलेटरही तसाच घ्यावा लागतो, हे खरेदीआधी बघा.

त्या अडतीत आता दर शनिवारी दिवाणजी मशीन बंद करतात, पेनड्राइव्ह लावतात, पुन्हा सुरू करतात आणि मी लिहून दिलेली छोटी बॅच फाइल, म्हणजे हुकूम आपोआप चालवणारी फाइल, चालवतात. ती हिशेबाच्या फायलींची नक्कल पेनड्राइव्हवर करते. डी वरची फायलींची यादी येते, मग ई वरची, म्हणजे पेनड्राइव्हवरची. दोन्हींतल्या फायलींची संख्या ते वहीत तारखेसमोर लिहितात. आकडे जुळले नाहीत, तर फोन येतो.