ऑन्टोनागॉनच्या जंगलात कूगरच्या मागावर

सप्टेंबरच्या अखेरीस पत्नी आणि नऊ वर्षांच्या मुलीसह मी अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या अपर पेनिन्सुला या उत्तरेकडील द्वीपकल्पातील ऑन्टोनागॉन काउंटीत (जिल्ह्यात) पाच दिवस राहून आलो. याच काउंटीतील एका खासगी जमिनीवर मार्च २०२५ मध्ये कूगरची, म्हणजे प्यूमा किंवा माउंटन लायन या नावांनीही ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या अमेरिकी रानमांजराची, दोन पिल्ले आढळली, तेव्हापासून ही सहल मनात होती. राज्यातला शेवटचा नोंदलेला रानटी कूगर १९०६ मध्ये न्यूबेरीजवळ मारला गेला. २००८ पासून राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने, ज्याला तिथे सगळे डीएनआर म्हणतात, शंभराहून अधिक नोंदी खात्रीच्या ठरवल्या आहेत. मात्र एकच प्राणी अनेकदा दिसलेला असू शकतो आणि बरेचसे प्राणी पश्चिमेकडून नव्या हद्दीच्या शोधात आलेले तरुण नर असावेत, असे मानले जात होते. असा नर किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण २०११ चे आहे. त्या वर्षी कनेटिकटमध्ये मोटारीखाली सापडलेला कूगर दक्षिण डाकोटातील ब्लॅक हिल्सकडून आल्याचे डीएनए तपासणीत दिसून आले. म्हणूनच पिल्ले मिळणे ही वेगळी गोष्ट आहे: शतकाहून अधिक काळानंतर राज्यात कूगरचे प्रजनन झाल्याचा तो पहिला पुरावा ठरला.

डेट्रॉइटहून मॅकिनॉ पूल ओलांडून जाताना सुमारे नऊशे किलोमीटर पडतात. लहान मूल बरोबर असेल तर वाटेत एक मुक्काम करावाच. मुक्कामाला पोर्क्युपाइन माउंटन्सचा परिसर उत्तम. तेथील राज्य उद्यान सुमारे ६०,००० एकरांचे असून हेमलॉक आणि शुगर मेपल या झाडांचे जुने, कधीही न तोडलेले रान त्यात टिकून आहे. ‘लेक ऑफ द क्लाउड्स’ या तळ्यावरचा कडा सकाळी लवकर गाठावा. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे नकाशे आधीच उतरवून घ्यावेत.

तिसऱ्या दिवशी लिटल कार्प नदीकाठच्या पायवाटेवर मुलीला ओल्या चिखलात एक मोठा ठसा दिसला आणि आम्ही तिघेही श्वास रोखून वाकलो. शेजारी नाणे ठेवून सरळ वरून फोटो काढला, मग नीट पाहिले. चारही बोटांपुढे नखांची टोके स्पष्ट उमटली होती. कूगर चालताना नखे आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात ती सहसा दिसत नाहीत. शिवाय त्याच्या तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात, आणि इथे ते नव्हते. ठसा कुत्र्याच्या कुळातला होता, कदाचित लांडग्याचा. मुलगी हिरमुसली, पण लांडगाही काही रोज दिसत नाही, असे म्हटल्यावर तिने वहीत ठशाचे चित्र काढून घेतले.

पेट्रोल पंपावरच्या एका वयस्क गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी पहाटे रस्ता ओलांडताना पाहिलेल्या कूगरची हकिगत सांगितली. त्यांच्या लक्षात राहिली होती ती शेपटी, लांब, जाड आणि टोकाला काळपट. हीच खरी ओळख आहे. कूगरची शेपटी एकूण लांबीच्या जवळजवळ एक तृतीयांश असते, तर ज्याला लोक अनेकदा कूगर समजतात त्या बॉबकॅट या लहान रानमांजराची शेपटी आखूड असते. आकाराने कूगर साधारण आपल्या बिबट्याएवढा. प्रौढ कूगरच्या अंगावर ठिपके नसतात, पिल्लांच्या अंगावर मात्र असतात. काळ्या कूगरच्या गोष्टीही कानावर पडतील. तसा एकही प्राणी आजवर सिद्ध झालेला नाही.

त्या गृहस्थांकडे फोटो नव्हता, म्हणून त्यांची नोंद खात्रीची ठरली नाही. मला ते खरे बोलत होते असेच वाटले. तरीही डीएनआरचा पुराव्याचा आग्रह योग्य आहे, कारण दुसरीकडचे फोटो इथले म्हणून फिरतात आणि फोटो कुठे काढला हे जागेवर जाऊन तपासल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. तेव्हा तुम्हाला काही दिसले, तर झाड, खडक किंवा पाटी अशी ओळखीची खूण फोटोत येऊ द्या. ठसा, विष्ठा किंवा मारलेले हरीण आढळल्यास हात न लावता तिथून दूर व्हा आणि डीएनआरला कळवा. खाल्लेल्या हरणाजवळ तर क्षणभरही थांबू नये, कारण प्राणी परत येतो.

प्रत्यक्ष गाठ पडलीच तर पळू नये आणि खाली वाकू नये. मुलाला उभ्यानेच कडेवर घेता यावे, म्हणून त्याला कायम हाताच्या अंतरावर चालवावे. तोंड प्राण्याकडे ठेवून, हात वर करून मोठ्याने ओरडावे, जवळ आला तर दगड किंवा काठी फेकावी. हल्ला झाल्यास शेवटपर्यंत प्रतिकार करावा. आम्ही निघण्यापूर्वी घराच्या अंगणात मुलीकडून हे दोनदा करून घेतले होते.

पिल्ले नेमकी कुठल्या जमिनीवर आढळली, हे आम्ही तिथे कोणालाही विचारले नाही, आणि तुम्हीही विचारू नका. मिशिगनमध्ये कूगर संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे, त्याला मारणे वा त्रास देणे हा गुन्हा आहे, आणि पिल्लांच्या आईला माणसांची वर्दळ नको असते. उद्यानातील खुल्या पायवाटा पाच दिवसांना पुरून उरतात.