डोंगल लॉग ४ : १४.६१५ वरचा उलटा हॅम

डोंगल म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, मागच्या लॉगला त्याला लांब वायरचा अँटेना बांधून थांबलो होतो. त्यानंतर तीन आठवडे रोज रात्री बसलोय आणि आता नुसता वॉटरफॉल, म्हणजे स्क्रीनवर सिग्नलचं सरकत जाणारं चित्र, बघून मोड (आवाज लहरीवर चढवायची पद्धत) ओळखता येतो, म्हणजे दहातले सात तरी. मधे ठळक रेघ आणि दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी सारखी पिसं दिसली की एएम. रेघच नाही, एकाच बाजूची पिसं, तीही माणूस बोलेल तेव्हाच उमटतात, तो एसएसबी, म्हणजे सिंगल साइडबँड; ही पिसं म्हणजेच साइडबँड.

आधी एफएम ब्रॉडकास्ट, कारण ते सोपं वाटलं होतं. डीमॉड्युलेट केल्यावरचा (लहरीतून आवाज सोडवल्यावरचा) स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर ते चित्र, उघडला तर एकाच स्टेशनच्या पोटात केवढा संसार, १५ किलोहर्ट्झपर्यंत मोनो, १९ वर पायलटची सुई (स्टेरिओ आहे हे सांगणारा टोन), ३८ भोवती डाव्या-उजव्या चॅनलमधला फरक, आणि ५७ वर आरडीएस (स्टेशनचं नाव वगैरे डेटा), म्हणजे पायलटच्या बरोब्बर तिप्पट. एक कमजोर स्टेशन खूप खरखरत होतं, मोनो केलं आणि एकदम स्वच्छ! एफएममधला नॉइज वरच्या फ्रिक्वेन्सीला वाढत जातो, म्हणून ३८ वाला भाग सगळ्यात घाण असतो, तो सोडून दिला की झालं. पेपरात वाचलेलं वेगळं आणि कानांनी ऐकलेलं वेगळं.

विमानांच्या बोलण्याचा एअरबँड म्हणजे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, तिथे अजून एएमच का हे कोडं होतं. एफएममध्ये जोरदार सिग्नल कमजोराला गिळून टाकतो, पत्ताच लागत नाही. एएममध्ये दोघं एकदम बोलले तर शिट्टी वाजते, म्हणजे टॉवरला निदान कळतं की मधे अजून कोणीतरी होतं. मला ती शिट्टी एकदाच ऐकू आली, पण आली!

आता मुख्य भानगड. शॉर्टवेव्हसाठी डोंगल डायरेक्ट सॅम्पलिंगवर (ट्यूनर वगळून अँटेनाचा सिग्नल थेट मोजायचा) टाकलेला, आणि १४.६१५ मेगाहर्ट्झवर एक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, सापडला. हॅमचा २० मीटर बँड १४.३५० ला संपतो मग हा इथे काय करतोय, आणि वर यूएसबी (वरचा साइडबँड) लावलं तर बदक बोलल्यासारखं, एलएसबी (खालचा) लावलं तर लख्ख आवाज. १० मेगाहर्ट्झच्या वर सगळे हॅम यूएसबी वापरतात, हा एकटाच शहाणा? मी दोन दिवस त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग ट्यूब पेटली, डोंगलचा क्लॉक, म्हणजे तो सेकंदाला सिग्नल किती वेळा मोजतो ते, २८.८ मेगाहर्ट्झचा, त्याचं निम्मं १४.४, आणि त्या रेघेवर स्पेक्ट्रम कागदासारखा दुमडतो, म्हणजे खालचे सिग्नल वरही आरशातल्यासारखे दिसतात. २८.८ वजा १४.६१५ म्हणजे १४.१८५. तिथे गेलो तर तोच माणूस, तेच बोलणं, यूएसबीवर एकदम सरळ! दुमडताना साइडबँड उलटला होता, बिचारा हॅम नियमातच होता, चूक माझीच.

डिजिटलमध्ये फार प्रगती नाही. डीएमआर (वॉकीटॉकीचा डिजिटल प्रकार) नॅरो एफएमवर ऐकलं तर नुसती गुरगुर, १२.५ किलोहर्ट्झमध्ये दोन टाइमस्लॉट म्हणून दोन बोलणी मावतात, पण आवाज दाबून लहान करणारा कोडेक तो इतका पिळतो की सगळे एकाच माणसासारखे वाटतात. डीआरएम या डिजिटल ब्रॉडकास्टचा चौकोनी ठोकळा वॉटरफॉलवर मस्त दिसला, आवाज मात्र तुकड्या-तुकड्यात आला. एएम फेड झालं तरी शब्द लागतात, इथे एकतर आहे नाहीतर शांतता.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी सांभाळा, सेकंदाला २.४ मेगासॅम्पलने कच्चा आयक्यू (डोंगलकडून येणारा मूळ डेटा) साठवला तर मिनिटाला २८८ एमबी, मी तासभर चालू ठेवून जेवायला गेलो आणि डिस्कमधले १७ जीबी गेले. नुसता ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो ठेवला तर मिनिटाला ६ एमबीपण नाही.

पुढे अपकन्व्हर्टर (शॉर्टवेव्हचे सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकवणारा डबा) घ्यायचाय, कारण १४.१८५ आणि १४.६१५ इतके जवळ की साध्या फिल्टरने वेगळे होणार नाहीत. तोवर १४.४ च्या वर काही भारी सापडलं की आधी २८.८ मधून वजा करून बघतोय.