केरीला जायचे तर आधी तिथी पाहावी

पुण्या-मुंबईकडचे स्नेही दर हिवाळ्यात विचारतात, "दोन दिवस हाताशी आहेत, तुमच्या गावी काय काय करता येईल?" माझे आजोळ पेडणे तालुक्यातील केरी. (गोव्यात सत्तरीतही एक केरी आहे आणि फोंड्यातही, म्हणून रस्ता विचारताना 'तेरेखोलजवळची केरी' असे स्पष्ट सांगावे.) मी त्यांना उलट विचारतो, "येणार त्या दिवशी तिथी कोणती?" हा प्रश्न त्यांना थट्टेचा वाटतो, परंतु खाडीच्या तोंडावरील गावात कोणत्या वेळी काय करायचे हे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच अधिक ठरवते.

आजोबांनी शिकवलेली रीत सोपी आहे. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती असते. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती दुपारी व रात्री साडेअकरा-बाराच्या आसपास येते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि हा हिशेब तिथीमागे ४५ मिनिटेच धरतो, त्यामुळे थोडा फरक पडतो. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून दिवस आखायला तो पुरेसा आहे.

ही रीत मी एकदा मोडली. केरीचा किनारा संपतो तेथून हरमलच्या बाजूला खडकांवरून चालत जाण्याची हौस मला आणि मामेभावाला आली, ती नेमकी अमावास्येच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता. जाताना खडक कोरडे होते. परतताना त्याच खडकांवर लाटा फुटत होत्या. शेवटी काट्याकुट्यांतून डोंगर चढून घरी आलो. मामीने विचारपूस केली नाही, फक्त दिनदर्शिकेकडे बोट दाखवले. हरमलच्या बाजूचे गोड्या पाण्याचे तळे पाहायचेच असेल, तर हरमलहून जावे किंवा डोंगरावरच्या पायवाटेने, खडकांवरून नव्हे.

पौर्णिमा-अमावास्येची पहाट मात्र वाया घालवू नये. त्या दिवसांत ओहोटीचे पाणी सर्वांत दूर जाते आणि तेरेखोल नदीच्या मुखाशी उघड्या पडलेल्या वाळूत बायका तिसऱ्या आणि खुबे हे खाण्याचे शिंपले वेचायला उतरतात. तेथे जाऊन छायाचित्रे काढत बसण्यापेक्षा 'मी वेचू लागू का?' असे विचारावे. तासाभरात कंबर बोलू लागते आणि बाजारात तिसऱ्यांचा भाव जास्त का वाटतो याचे उत्तर आपोआप मिळते. रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असेल तर दोराला हात लावायला कोणी नको म्हणत नाही. ताजे बांगडे मिळाले, तर घरी हुमणात, म्हणजे नारळाच्या वाटणाच्या माशांच्या आमटीत, तिरफळे (मसाल्याची छोटी फळे) घालायला विसरू नये; ती ठेचून घालावीत, चावू नयेत.

नदीपलीकडचा तेरेखोल किल्ला फेरीबोटीने जाऊन पाहावा. पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. नदीच्या उत्तर तीरावर असूनही हा चिमुकला तुकडा गोव्यात आहे, याचे कारण इतिहासात आहे : सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि नंतर तो त्यांच्याकडेच राहिला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तेथे तिरंगा फडकवला. गोवा मुक्त होण्याच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट. परंतु फेरीतून उतरणारे बहुतेक जण केवळ समुद्राचा देखावा पाहून परततात, याची मला खंत वाटते. तटावरून खाली पाहिले की नदीचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांचे रंग वेगळे दिसतात. हा फरक उतरत्या पाण्याच्या वेळी अधिक ठळक असतो, म्हणजे पुन्हा तिथी आलीच.

कासवांसाठी मोरजीला जावे. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले माद्या तेथे रात्री वाळूत येऊन एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालतात. वनखाते ती जागा कुंपण घालून राखते आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. त्या किनाऱ्यावर विजेरी फिरवू नये, कारण प्रकाशामुळे पिल्लांची दिशा चुकते.

पावसाळ्यात येणाऱ्यांना माझा सल्ला थोडक्यात असा : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, समुद्र खवळलेला असतो आणि लाल बावटा दिसला की गुडघाभर पाण्यातही उतरू नये. त्या दिवसांत सुक्या बांगड्यांची किसमूर (ओले खोबरे घातलेली कोशिंबीर), उकड्या तांदळाची पेज आणि मामीच्या पडवीतली आरामखुर्ची एवढेच उपलब्ध असते. खुर्ची एकच आहे, म्हणून येण्यापूर्वी कळवावे.