पांग ज्वान एकदा कैद झाला की दोनदा हरला: सुन बिनच्या नोंदीवरचा एक दिवस

युद्धशास्त्राच्या कोशासाठी सुन बिनची नोंद संपादनाला माझ्याकडे आली तेव्हा वरवर पाहता तिच्यात काही वावगं नव्हतं. इ.स.पू. चौथ्या शतकातला, प्राचीन चीनमधल्या छी राज्याचा डावपेचकार. वेई राज्याचा सेनापती असलेल्या पांग ज्वान या सहाध्यायाने मत्सरापोटी त्याचे पाय तोडवले. तो पळून छीला आला. ग्वेलिंग आणि मालिंग या दोन लढायांत त्याने वेईचा पाडाव केला आणि मालिंगला पांग ज्वानने स्वतःचा गळा चिरून घेतला. फक्त ग्वेलिंगच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: 'या लढाईत पांग ज्वान कैद झाला.' म्हणजे इ.स.पू. 353 मध्ये पकडलेला सेनापती बारा वर्षांनी पुन्हा वेईची फौज घेऊन त्याच माणसासमोर उभा, आणि मधलं काहीच नाही. नोंदीच्या लेखकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, दोन्ही गोष्टी मूळ साधनांत आहेत. मी पदरचं काही घातलेलं नाही."

ते खरं होतं, आणि अडचणही तीच होती. बाकीच्या नोंदी बाजूला ठेवून ही एकच घेऊन बसले.

सुन बिनचं सगळं चरित्र मुळात एका छोट्या मजकुरावर उभं आहे: सिमा छियानच्या 'शिजी' या इतिहासग्रंथाचा 65वा अध्याय. हा ग्रंथ इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला पुरा झाला, म्हणजे सुन बिननंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी. लोकांना माहीत असलेले प्रसंग तिथलेच. छीचा दूत वेईच्या राजधानीत, दालियांगला (आजच्या कायफेंगजवळ), आला असताना सुन बिनने त्याला गुपचूप गाठलं आणि दूताने त्याला आपल्या गाडीत लपवून छीला आणलं. तिथे सेनापती थ्यान जी याने त्याला पदरी ठेवलं. पुढे वेई राजाने (हा छीचा राजा वेई, वेई राज्याशी नाव जुळतं, संबंध नाही) त्याला सल्लागार केलं आणि सेनापतिपद देऊ केलं. शिक्षा भोगलेल्या माणसाने ते घेऊ नये म्हणून सुन बिनने नकार दिला. सेनापती थ्यान जी, आणि सुन बिन छपराच्या गाडीत बसून बेत आखणार, अशी व्यवस्था ठरली. सुन बिन आणि पांग ज्वान ग्वेगुझी नावाच्या गुरूकडे डोंगरात शिकले, असं मसुद्यात होतं. ते 'शिजी'त नाही, नंतरच्या कथा-कादंबऱ्यांतलं आहे. ते वाक्य लगेच काढलं.

दुसरं साधन जमिनीतून आलं. एप्रिल 1972 मध्ये शानडोंग प्रांतातल्या लिन्यी गावी, यिन्छुएशान टेकडीवर बांधकाम चालू असताना हान राजवंशाच्या काळातल्या दोन कबरी सापडल्या. पहिल्या कबरीत लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्या होत्या, तुकडे धरून 4942. अख्खी पट्टी 27.6 सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटरपेक्षाही अरुंद, तिच्यावर शाईने अक्षरांची एकच उभी ओळ. पट्ट्या ओवणारे दोरे कुजून गेले होते, त्यामुळे कुठली पट्टी कुठल्या पट्टीनंतर येते हे आशयावरून, हस्ताक्षरावरून आणि दोऱ्याच्या खुणांवरून लावावं लागलं. कबरीतल्या नाण्यांवरून तिचा काळ इ.स.पू. 140 ते 118 असा धरतात. म्हणजे सिमा छियानचा ग्रंथ पुरा होण्याआधीच ही प्रत मातीखाली गेली होती. तिच्यात सुन वूचं (जगाला सुन त्झू म्हणून माहीत असलेल्याचं) 'युद्धशास्त्र' होतं आणि त्याच्यासोबत सुन बिनचं वेगळं पुस्तकही होतं. हान काळातल्या ग्रंथसूचीत या पुस्तकाची 89 प्रकरणं आणि नकाशा-आकृत्यांच्या 4 गुंडाळ्या नोंदवल्या आहेत; पुढे ते हरवलं. ते समोर नसल्यामुळे सुन वू आणि सुन बिन हे एकच असावेत, असंही काही अभ्यासक म्हणत. दोन्ही पुस्तकं एकाच कबरीत मिळाल्यावर तो वाद मिटला. संपादकांनी 1975 मध्ये सुन बिनची 30 प्रकरणं छापली आणि 1985 च्या आवृत्तीत जी निर्विवाद त्याची वाटली तेवढी 16च ठेवली. मसुद्यात 30 हा आकडा होता, तो बदलला.

या पट्ट्यांतल्या एका प्रकरणाचं नावच 'पांग ज्वानला पकडलं' असं आहे. शेवटी लिहिणाऱ्याने अक्षरांची बेरीज मांडली आहे: 406. किती मजकूर गळला याचा अंदाज अशा बेरजेवरून करता येतो. हे प्रकरण मी ओळ न् ओळ नकाशावर ठेवून वाचलं, आणि सुन बिन कोण होता हे त्या वाचनात जितकं कळलं तितकं पाय तोडल्याच्या कथेतून कधी कळलं नव्हतं.

प्रसंग असा. वेई राज्याने शेजारच्या झाओ राज्याची राजधानी हानदान घ्यायला फौज काढली. पांग ज्वानकडे 80,000 चिलखती सैनिक, छीने थ्यान जीला दिले तेही 80,000. थ्यान जीला सरळ मदतीला धावून जायचं होतं. सुन बिनने ते नाकारलं आणि आधी दक्षिणेला पिंगलिंगवर चालून जा म्हणून सांगितलं. आता पिंगलिंग कसं? गाव लहान, पण मुलूख मोठा, माणसं आणि सैनिक भरपूर, घ्यायला अवघड. शिवाय तिथे जाताना मागचा रसदेचा रस्ता तुटणार. आपल्याला युद्धातलं काही कळत नाही असं शत्रूला वाटावं, हाच हेतू. पुढचा प्रश्न त्याने थ्यान जीला विचारला: आपल्या प्रांताधिकाऱ्यांपैकी सगळ्यात कमी जाणते कोण? थ्यान जी म्हणाला, छीचंग आणि गाओथांगचे. त्या दोघांना पिंगलिंगवर पाठवलं. ते हरले, फौजेसकट कापले गेले. मग हलके रथ पश्चिमेला धाडून थेट दालियांगच्या वेशीपर्यंत नेले, वेईला डिवचायला, आणि त्यांच्यामागे थोडेच सैनिक दिसतील असे पाठवले. पांग ज्वानने सामानसुमान टाकलं, दुप्पट मजला मारत रात्रंदिवस आला, आणि ग्वेलिंगला दमलेल्या अवस्थेत सुन बिनच्या हाती सापडला.

इथे घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट आठवायलाच हवी. मसुद्यात ती मुलांच्या पुस्तकासारखी वेगळ्या चौकटीत दिली होती. थ्यान जी राजाशी मोठ्या पैजा लावत असे. मूळ मजकुरात सुटे घोडे नाहीत, चार-चार घोड्यांचे चमू आहेत: उत्तम, मध्यम, कनिष्ठ. सुन बिनने सांगितलं, त्यांच्या उत्तमासमोर आपला कनिष्ठ घाला, मध्यमासमोर उत्तम, कनिष्ठासमोर मध्यम. एक फेरी गेली, दोन जिंकल्या. ही युक्ती केव्हा चालते? दोन्हीकडचे चमू जवळजवळ तोडीचे असतील आणि समोरच्याचा क्रम आधी ठाऊक असेल, तरच. पिंगलिंगला सुन बिनने हेच गणित माणसांवर केलं. छीचंग आणि गाओथांगच्या तुकड्या म्हणजे त्याचा कनिष्ठ चमू. फरक इतकाच की शर्यत हरलेला घोडा तबेल्यात परत जातो. मला हे वाचताना अस्वस्थ व्हायला झालं, आणि नोंदीत ते झाकायचं नाही हे तिथेच ठरवलं. चौकट काढून टाकली आणि शर्यत पिंगलिंगच्या परिच्छेदाला जोडून दिली.

वेगाचा हिशेबही मांडून पाहिला. त्या काळचं एक फूट सुमारे 23.1 सेंटिमीटर, 6 फुटांचं एक पाऊल, 300 पावलांची एक ली, म्हणजे सुमारे 416 मीटर. हानदान ते कायफेंग सरळ रेषेत सुमारे 200 किलोमीटर, म्हणजे 480 ली. दिवसाला 100 ली (41-42 किलोमीटर) चालणारी फौज पाचव्या दिवशी पोहोचेल, पण कशी पोहोचेल? 'शिजी'त सुन बिन स्वतः सांगतो: 100 ली धावून फायदा गाठायला गेलं तर मुख्य सेनापती पडतो, 50 ली धावलं तर निम्मी फौजच पोहोचते. बैलगाड्या मागे राहतात, धान्य संपतं, चिलखतं टाकली जातात, पायदळ वाटेत विखुरतं. सुन बिनने दोन्ही लढायांत शत्रूला नेमकं हेच करायला लावलं.

'वेईला वेढून झाओला वाचवलं' अशी म्हणच या मोहिमेवरून पडली. मसुद्यातही 'हानदान वाचलं' असं होतं. हानदान वाचलं नाही. वेईने ते घेतलं आणि 351 मध्ये तह करून परत दिलं. छीच्या दरबारात आधीच विचार झाला होता की झाओ आणि वेई एकमेकांशी झुंजून थकू द्यावेत. हे दुरुस्त करताना हात जरा जड झाला, कारण ती म्हण लोकांना फार प्रिय आहे.

आता मालिंग. 'शिजी'प्रमाणे वेईने हान राज्यावर (हे वेगळं, वर आलेल्या हान राजवंशाशी संबंध नाही) हल्ला केला, छीने पुन्हा दालियांगचा रस्ता धरला, पांग ज्वान मागे वळला. छीची फौज भित्री असा वेईच्या लोकांचा समज होता, तो सुन बिनने वापरला. पहिल्या दिवशी 1 लाख चुली, दुसऱ्या दिवशी 50 हजार, तिसऱ्या दिवशी 30 हजार. पळणाऱ्या फौजेची माणसं मोजता येत नाहीत, पण खणलेल्या चुली जागेवर राहतात. निम्म्याहून जास्त लोक पळाले असं समजून पांग ज्वानने पायदळ मागे सोडलं आणि निवडक हलक्या तुकड्या घेऊन दुप्पट वेगाने पाठलाग केला. आकड्यांबद्दल मात्र एक टीप घातली: एका चुलीवर पाच जण जेवतात असं धरलं तर 1 लाख चुली म्हणजे 5 लाख माणसं, आणि तेवढी फौज छीकडे नव्हती. 1 लाख माणसांपुरत्या चुली असाच अर्थ घ्यायला हवा.

पुढचं दृश्य सगळ्यांना पाठ आहे. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना अडचणीची जमीन, एका मोठ्या झाडाची साल तासून लिहिलेलं 'पांग ज्वान या झाडाखाली मरेल', आणि दोन्ही अंगांना 10,000 क्रॉसबोधारी (क्रॉसबो म्हणजे खटक्याचं आडवं धनुष्य). हुकूम एकच: अंधार पडल्यावर आग दिसली की सगळ्यांनी एकदम सोडायचं. झाडावरच्या अक्षरांची कथा कितीही रंगवलेली असली तरी हत्याराची निवड अचूक आहे. साधं धनुष्य ताणून धरून वाट बघता येत नाही, दंड थकतो. क्रॉसबोची दोरी कांशाच्या खटक्याच्या दातात अडकून राहते. दात, मधला अडसर आणि खालचा घोडा (चाप) असे तीन भाग, घोडा ओढला की अडसर सरकतो आणि दात खाली पडतो. आधीच रोखून ठेवलेलं हत्यार अंधारातही त्याच जागी मारा करतं. बांबूवरच्या 'आठ व्यूह' या प्रकरणात नियमच आहे: सपाट जमिनीवर रथ जास्त, बिकट जमिनीवर घोडेस्वार जास्त, चिंचोळ्या जागी क्रॉसबो जास्त. (यातला घोडेस्वारांचा उल्लेख पुढच्या पिढीतल्या शिष्यांच्या हातचा असावा असं मला वाटतं, झाओने घोडदळ उभारलं ते 307 मध्ये.)

आणि दिवसाचा तिढा सुटला तो त्याच पट्ट्यांतल्या दुसऱ्या एका प्रकरणात. थ्यान जी तटबंदीबद्दल विचारतो आणि सुन बिन अडचणीच्या जागी अडलेल्या फौजेने काय करायचं ते सांगतो. खंदकाऐवजी सराटे पसरा. भिंतीऐवजी गाड्या लावा. कठड्याऐवजी ढाली. त्यामागे लांब दांड्याची हत्यारं, मग आखूड हत्यारं, शत्रूची परतीची वाट अडवायला. क्रॉसबो सराट्यांच्या मागे. पाच ली, म्हणजे दोन किलोमीटरवर टेहळे ठेवा, एकमेकांना दिसतील असे. रात्री नगारा, दिवसा निशाण. आणि या यादीच्या ओघात तो म्हणतो की याच रीतीने मी पांगला घेतलं आणि युवराज शेनला पकडलं. तिथे पांगच्या नावातलं पुढचं अक्षर झिजलं आहे, पण वेईचा युवराज शेन पकडला गेला तो मालिंगलाच. मेन्शियस या तत्त्वज्ञाच्या ग्रंथातही वेईचा राजा हुई म्हणतो की पूर्वेला छीकडून हरलो आणि थोरला मुलगा तिथे मेला.

म्हणजे एकाच कबरीतल्या एकाच पुस्तकात पांग ज्वान दोन्ही लढायांत आहे. दोन साधनांपैकी एक खोटं ठरवण्याची गरजच उरली नाही. 353 ला कैद, मग सुटका (351 च्या तहात झाली असावी, हा अभ्यासकांचा तर्क; नोंदीत तर्क म्हणूनच दिला), आणि मालिंगला शेवट. गळा चिरण्याचं आणि झाडाचं वर्णन 'सिमा छियानच्या म्हणण्यानुसार' या शब्दांत ठेवलं.

साल राहिलं होतं. सिमा छियानच्या कालगणनेने मालिंग 341 मध्ये येतं. पण हुई राजाची कारकीर्दच त्याने चुकीची मांडली आहे. 36व्या वर्षी राजाने कारकीर्दीच्या वर्षांची नवी गणना सुरू केली, ती सिमा छियानला राजाचा मृत्यू वाटली. इ.स. तिसऱ्या शतकात एका कबरीत सापडलेल्या वेईच्या 'बांबू बखरी'त ही लढाई त्याआधीची, 342 च्या आसपासची आहे. नोंदीत 'इ.स.पू. 342-341' दिलं.

संध्याकाळी नकाशाकारांनी विचारलं, "मॅडम, मालिंगचा ठिपका कुठे टाकू?" हनान आणि शानडोंगमधली किमान तीन गावं त्या नावावर हक्क सांगतात. ठिपका नको म्हटलं. दोन्ही प्रांतांच्या सीमेवर फिकट पट्टा रंगवला आणि ग्वेलिंगलाही तसंच केलं. लेखकांना पुन्हा फोन करून बदल वाचून दाखवले. पिंगलिंगच्या दोन अधिकाऱ्यांचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला सांगितला आणि म्हणाले, "हा ठेवा. शब्द वाढले तर ग्वेगुझीची जागा आहेच."