दाढी वाढेना, तेव्हापासून

फौजेत रोज सकाळी दाढी करावीच लागते. दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं, की दोन दिवस वस्तरा लावला नाही तरी फॉलइनला, म्हणजे सकाळी रांगेत उभं राहताना, कोणी बोलत नाही. वय चौतीस. बीपीईटी या फौजेच्या शारीरिक चाचणीतली पाच किलोमीटर दौड मी कधी चुकवली नव्हती, ती आता शेवटच्या किलोमीटरला जड जायची. डोकं दुखायचं. बायकोजवळ जायची इच्छाच राहिली नव्हती. तिला काय सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून सुट्टी संपली की सुटल्यासारखं वाटायचं. याचं आजही वाईट वाटतं.

दारव्हा तालुक्यात आमचं गाव. गेल्या दिवाळीत साठ दिवसांची सुट्टी घेऊन आलो, तेव्हा कापसाचा पहिला वेचा चालू होता. गाठोडं उचलताना दम लागला. आई म्हणाली, "बाबू, असा काऊन झाला रे तू? तिकडं जेवत नाही का?" मुलगी सहा वर्षांची झाली होती, दुसऱ्या लेकराचा विषय घरात निघत होता. मी कोणाला न सांगता तालुक्याला एकाकडे गेलो. त्याने ना रक्त तपासलं, ना काही विचारलं. ताकदीचं म्हणून एक इंजेक्शन दिलं. आठवडाभर खरंच बरं वाटलं.

बायकोला कळलं तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, तुमचा फौजेचा दवाखाना आहे ना कामठीला? मग हे चोरून काऊन?"

सुट्टीवरचा जवान ओळखपत्र आणि सुट्टीचा कागद घेऊन जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात जाऊ शकतो. आम्ही दोघं आदल्या दिवशीच निघालो आणि नागपूरला नातेवाइकाकडे मुक्काम केला. तिथे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तपासायचं होतं. ते सकाळी सर्वांत जास्त असतं, म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत आणि उपाशीपोटी द्यायचं असतं. पहाटेची एसटी धरली असती तरी गावाहून ती वेळ गाठता आली नसती.

टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट आला 610. म्हणजे नॉर्मल. डॉक्टरसाहेब कागद बघत राहिले, कारण मेंदूकडून अंडकोषांना इशारा देणारे एलएच आणि एफएसएच हे दोन्ही हार्मोन जवळजवळ शून्यावर होते. त्यांनी विचारलं, "बाहेरून काही घेतलंय का?" मी नाही म्हणालो. शेजारी बसलेल्या बायकोने पिशवीतून इंजेक्शनचं रिकामं खोकं काढून टेबलावर ठेवलं. टेस्टोस्टेरॉन, 250 मिलीग्रॅम. तिने ते जपून ठेवलं होतं.

त्या दिवशी तिने ते खोकं काढलं नसतं, तर माझं दुखणं आणखी किती दिवस अंधारात राहिलं असतं कोण जाणे. साहेबांनी शांतपणे समजावलं. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू आपला इशारा बंद करतो, अंडकोष काम थांबवतात आणि शुक्राणू तयार होणं घटतं. ज्याला मूल हवंय त्याला हे इंजेक्शन देतच नाहीत. आम्हाला तर मूलच हवं होतं! शिवाय खरा आकडा त्या इंजेक्शनखाली झाकला गेला होता. दीड-दोन महिने थांबून पुन्हा तपासणी, असं ठरलं.

तोवर सुट्टी संपली. राजस्थानात युनिटला परतल्यावर सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी जवानांच्या यादीत, नाव लिहिलं. एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, रांगेत माझ्याच सेक्शनची पोरं उभी होती, म्हणून तक्रारीच्या जागी 'कमजोरी' लिहिलं. आत गेल्यावर मात्र युनिटचे डॉक्टर असलेल्या आरएमओ साहेबांसमोर कामठीचे कागद ठेवले आणि सगळं सांगितलं, इंजेक्शनसकट. वयाने माझ्याहून लहान कॅप्टन. त्यांनी दार लावून घेतलं आणि पूर्ण ऐकून घेतलं.

या वेळी दोन वेगवेगळ्या सकाळी रक्त घेतलं. टेस्टोस्टेरॉन 168 आणि 181. तीनशेच्या खाली म्हणजे कमीच. प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन मात्र 140, पुरुषात ते साधारण वीसच्या आत असतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत सात मिलिमीटरची गाठ दिसली. गाठ म्हटल्यावर माझे पाय गळाले. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमधल्या हार्मोनच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही कॅन्सरची नाही, ऑपरेशनही नको. हीच गाठ प्रोलॅक्टिन वाढवते आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन टेस्टोस्टेरॉनचा इशारा दाबून टाकतं. गोळी आहे, कॅबरगोलिन. आठवड्यातून दोनदा अर्धी, रात्री जेवणानंतर.

मेडिकल बोर्डाने चोवीस आठवड्यांची तात्पुरती कॅटेगरी लावली. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा दर्जा, गेलं म्हणून मी खूप घाबरलो होतो, प्रमोशनचं काय होणार या विचाराने रात्री झोप लागत नव्हती. पण कॅटेगरी तात्पुरती होती आणि पुढच्या बोर्डात ती बदलू शकते, हे आरएमओ साहेबांनी आधीच नीट सांगितलं होतं.

पहिले पंधरा दिवस मळमळ झाली, उठताना गरगरायचं. मग सवय झाली. तीन महिन्यांनी प्रोलॅक्टिन 22, टेस्टोस्टेरॉन 340. सोमवारी आणि गुरुवारी रात्री बायको फोन करून विचारते, "गोळी घेतली का?" पुढचा बोर्ड पोळ्याच्या आसपास आहे, आणि मी पुन्हा रोज दाढी करतो.