बी-२ वर उतरलात आणि एफ-१ व्हायचंय: अमेरिकेतल्या अमेरिकेत विद्यार्थी होण्याचा रस्ता

न्यूअर्कला विमान उतरतं, इमिग्रेशनचा अधिकारी बोटांचे ठसे घेतो, किती दिवस राहणार ते विचारतो आणि पासपोर्ट परत देतो. या सगळ्या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची तारीख त्या दोन मिनिटांत ठरते, आणि ती व्हिसावर छापलेली नसते. बी-२ हा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला राहायची मुदत साधारण सहा महिन्यांची असते. ती आय-९४ या नोंदीत असते. पासपोर्टवर हल्ली शिक्का बसेलच असं नाही, म्हणून घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याच्या) संकेतस्थळावरून आय-९४ उतरवून घ्या. नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मुदतीची तारीख तपासा. पुढचं सगळं गणित या तारखेवरून मांडायचं आहे.

बहिणीच्या बाळंतपणाला किंवा भावाकडे सुट्टीला आलेल्या मुलामुलींना इथलं एखादं कॉलेज आवडतं, प्रवेशही मिळतो, आणि मग प्रश्न येतो: परत मुंबईला जाऊन एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, की इथूनच अर्ज करायचा? इथून करता येतो. पण मिळतं ते फक्त स्टेटस. व्हिसा मिळत नाही. व्हिसा म्हणजे दारातून आत यायची परवानगी, स्टेटस म्हणजे आत आल्यावर तुम्ही कोण आहात ते. दारातून एकदा बाहेर गेलात की एफ-१ व्हिसा वकिलातीतूनच घ्यावा लागतो. त्यामुळे इथला अर्ज मुलाखत टाळत नाही, पुढे ढकलतो. मुंबईला जाऊन यायला वेळ असेल तर तोच रस्ता घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सत्र तोंडावर आहे आणि मुंबईत मुलाखतीची तारीख मिळत नाही, किंवा घरातल्या कारणाने अमेरिका सोडता येत नाही, अशा वेळी इथला अर्ज खरोखर उपयोगी पडतो.

मूळचे मराठी पण ब्रिटिश पासपोर्टवर, ईएसटीए ही ऑनलाइन परवानगी घेऊन व्हिसाशिवाय आलेले जे आहेत, त्यांना ही वाट बंद आहे. त्यांना बाहेर जाऊनच व्हिसा घ्यावा लागतो.

समजा १० जानेवारीला उतरलात आणि आय-९४ वर ९ जुलै आहे. कॉलेज ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. अर्ज ९ जुलैच्या आत यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज निकाली काढणाऱ्या खात्याकडे, पोचला पाहिजे. टपालात टाकला याला किंमत नाही, त्यांच्या हाती पडला पाहिजे. पूर्वी ९ जुलैपासून सत्र सुरू व्हायच्या तीस दिवस आधीपर्यंतची मधली फट भरायला बी-२ ची मुदतवाढ वेगळी मागावी लागे. २० जुलै २०२१ पासून ती गरज राहिली नाही; अर्ज दाखल करताना तुम्ही मुदतीत असलात की पुरे. जुने लेख वाचून लोक अजूनही दुसरा अर्ज आणि दुसरी फी भरतात, तसं करू नका.

उलट टोकाची घाईही घातक आहे. उतरल्यावर दोन आठवड्यांत अर्ज गेला तर शिकायचंच होतं आणि पर्यटक म्हणून आलात, असा संशय येतो. परराष्ट्र खात्याच्या नियमावलीत ९० दिवसांचा निकष आहे: आल्यापासून तेवढ्या दिवसांत व्हिसाच्या हेतूशी विसंगत वागलात तर येतानाच खोटं सांगितलं असं धरता येतं. यूएससीआयएस त्याला बांधील नसली तरी पुढे वकिलातीतल्या मुलाखतीत त्या तारखा समोर येतात. येण्याआधीच शिकायचा विचार पक्का असेल तर बी-२ च्या मुलाखतीतच तसं सांगावं. व्हिसावर 'प्रॉस्पेक्टिव्ह स्टुडंट' अशी नोंद मिळू शकते आणि पुढचा अर्ज सरळ होतो.

प्रवेश झाला की कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचे इमिग्रेशनचे कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) पहिल्याच पत्रात कळवा की तुम्ही अमेरिकेत आहात आणि स्टेटस बदलणार आहात. आय-२० हा कॉलेजने द्यायचा पात्रतेचा दाखला त्याच कारणासाठी काढलेला हवा. मुंबईहून येणाऱ्यासाठीचा आय-२० जोडला तर अर्ज अडतो, आणि स्टेटस-बदलाचा आय-२० घेऊन मुंबईच्या मुलाखतीला गेलात तर तिथे अडतं. मध्येच बेत बदलला तर आधी आय-२० बदलून घ्या. त्यावरचा एन-०० ने सुरू होणारा सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक वापरून त्या नोंदणीची, म्हणजे आय-९०१ ची, ३५० डॉलर फी भरा आणि पावती जपून ठेवा.

अर्जाचा फॉर्म आय-५३९. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ४२० डॉलर, कागदी ४७०. ऑनलाइनच करा. कागदी अर्ज चुकीच्या फीमुळे किंवा सही राहिल्यामुळे परत येतो, तो टपालाने यायला दिवस जातात, आणि तोवर ९ जुलै उलटून गेलेला असतो. कागदी करणं भागच असेल तर लक्षात ठेवा की २८ ऑक्टोबर २०२५ नंतर चेक घेत नाहीत; कार्ड किंवा बँक खात्यातून पैसे घेण्याचा अधिकृत फॉर्म जोडावा लागतो. पती-पत्नी, मुलं यांना त्याच अर्जात घालता येतं, आय-५३९ ची फी एकच. पण प्रत्येकाचा एफ-२ (विद्यार्थ्याच्या कुटुंबीयांसाठीचा) आय-२० वेगळा लागतो. भरायच्या दिवशी सगळ्या फीचे आकडे संकेतस्थळावर पुन्हा बघा, ते बदलत राहतात.

अर्ज बहुतेक वेळा पैशाच्या कागदांवर अडकतो. आय-२० वर पहिल्या वर्षाचा जो खर्च छापलाय तेवढी रक्कम हातात असल्याचं दिसलं पाहिजे. भावाने खर्च उचलला असेल तर त्याचं पत्र, बँकेची काही महिन्यांची विवरणपत्रं, डब्ल्यू-२ हा पगाराचा वार्षिक दाखला, कर-विवरण. घरून पैसे येणार असतील तर शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र, मुदत ठेवी, सीएचं प्रमाणपत्र. खात्यात एकाएकी मोठी रक्कम दिसली तर ती कुठून आली हे आपणहून लिहा, नाहीतर तेच विचारणारं पत्र येतं. शेतजमिनीचा सातबारा पुष्कळ जण जोडतात. गावाशी नातं दाखवायला तो चांगला, पण फी भरायला जमीन उपयोगी नाही, हे अधिकाऱ्यालाही कळतं. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतर बिनचूक आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्याचं सहीनिशी निवेदन हवं. नोटरीची सक्ती नाही.

सोबतचं पत्र एक-दीड पानाचं पुरे. कशासाठी आलात, विचार केव्हा आणि कशाने बदलला, हाच अभ्यासक्रम का, शिकून परत काय करणार. तारखा खऱ्या लिहा. बी-२ च्या वेळी डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात जे लिहिलं होतं ते काढून वाचा. दोन्हींत फरक पडला तर तो खोटेपणा ठरू शकतो आणि त्याचे परिणाम आयुष्यभर पुरतात.

अर्ज गेला की आय-७९७सी ही पोच येते. ठशांची ८५ डॉलरची फी १ ऑक्टोबर २०२३ पासून नाही आणि बहुतेकांना ठशांसाठी बोलावतही नाहीत. पण बोलावणं आलं तर ती तारीख चुकवू नका. घर बदललं तर दहा दिवसांत कळवायचं. साध्या रांगेत निकालाला काही महिने जातात. आय-९०७ भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेता येतं. फेब्रुवारी २०२४ च्या दराने त्याला १,९६५ डॉलर पडत होते, आणि कामाच्या ३० दिवसांत उत्तर मिळतं. त्यांनी आणखी कागद मागितले तर तुमचं उत्तर पोचल्यापासून हे दिवस पुन्हा मोजतात. सत्राला तीन महिन्यांहून कमी उरले असतील तर हा खर्च करावा. एक अख्खं सत्र हुकणं बहुधा त्याहून महाग पडतं.

या वाट पाहण्याच्या काळात होणाऱ्या दोन चुका सगळं बुडवतात. पहिली, वर्गात बसणं. एप्रिल २००२ पासून नियम स्पष्ट आहे: मंजुरी येईपर्यंत बी-२ वर अभ्यासक्रम सुरू करता येत नाही. कॉलेजने नोंदणी करून घेतली, फी घेतली, ओळखपत्र दिलं, तरीही नाही. कॉलेजचा नोंदणी विभाग इमिग्रेशन तपासत नाही. श्रेयांक नसलेला छंदवर्ग, स्वयंपाकाचा किंवा टेनिसचा, चालतो. सत्र सुरू होऊनही निकाल नसेल तर डीएसओकडून आय-२० वरची सुरुवातीची तारीख पुढच्या सत्रात ढकलून घ्या. ही आठवण तुम्हीच करायची. दुसरी चूक, देश सोडणं. नायगरा बघायला कॅनडाच्या बाजूला गेलात तरी अर्ज सोडून दिला असं धरतात.

नकार आला तर अपील नाही. फेरविचार मागता येतो, तोही तीस दिवसांत. तोवर आय-९४ उलटलेला असेल तर नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्य मोजायला लागतं. १८० दिवसांहून जास्त झालं तर बाहेर पडल्यावर तीन वर्षं, एक वर्ष झालं तर दहा वर्षं परतीचं दार बंद. नकार हाती आला की तिकीट काढा, आणि घरी जाऊन नव्या आय-२० वर एफ-१ मागा. वेळेत परतलेल्याला पुढे संधी असते.

मंजुरीचा आय-७९७ए येतो, त्याच्या तळाशी नवा आय-९४ असतो. त्यावर तारखेऐवजी 'डी/एस' छापतात, म्हणजे अभ्यासक्रम चालेल तोवर. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याऐवजी ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव आला, म्हणून स्वतःच्या कागदावर नेमकं काय आहे ते वाचा. तो तुकडा पासपोर्टमध्ये ठेवा, कॉलेजला प्रत द्या.

मग पहिल्या दिवाळीला घरी जायचं ठरतं आणि ढकललेली मुलाखत समोर येते. सप्टेंबर २०२५ पासून अर्ज स्वतःच्या किंवा राहत्या देशातच करायला सांगतात, त्यामुळे दुबई-मेक्सिकोचे जुने मार्ग धरू नका. मुंबईचीच तारीख घ्या, आणि ती मिळाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. डीएस-१६०, १८५ डॉलर फी, आधी व्हिसा अर्ज केंद्रात ठसे, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. मोबाइल आत नेता येत नाही, सोबतच्या माणसाकडे ठेवा. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात. 'पर्यटक म्हणून गेलात आणि विद्यार्थी झालात?' हा प्रश्न येणारच. आय-७९७ए, गुणपत्रक, डीएसओची वर्षभरातली प्रवासाची सही असलेला आय-२० आणि आय-५३९ सोबत दिलेलं तेच पत्र वरच ठेवा. उत्तर त्या पत्राशी जुळलं पाहिजे.

परत येताना आय-२० हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. आता पासपोर्टवर बी-२ आणि एफ-१ असे दोन्ही व्हिसा असतात, आणि घाईत अधिकारी जुन्यावर नोंद करू शकतो. खिडकीशी उभं राहिल्यावर आधी आय-२० पुढे करा, 'एफ-१' म्हणा, आणि त्याच संध्याकाळी आय-९४ पुन्हा उतरवून बघा. त्यावर बी-२ दिसलं तर जवळच्या सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयातून दुरुस्त करून घ्या, आणि डीएसओला कळवल्याशिवाय वर्गात पाऊल टाकू नका.